तिलिस्म, ऐयारी आणि नियमांचे जग : देवकीनंदन खत्री यांची कादंबरीमालिका आणि आजचे साहसपट

१.

लोकप्रिय कथनप्रकारांविषयी आपल्या विद्यापीठीय समीक्षेत जी चर्चा होते, तिची दोन ठरावीक वळणे आहेत. एक तर अशा कृतींना ‘पलायनवादी’ ठरवून बाजूला सारले जाते. किंवा त्यांच्या खपाच्या आकड्यांवरून समाजमनाचे निदान केले जाते. दोन्ही पद्धतींत प्रत्यक्ष कृती वाचायची राहून जाते. प्रस्तुत निबंधात अशाच एका उपेक्षित आकर्षणाचा विचार करावयाचा आहे. लागोपाठच्या भागांतून वाढत जाणाऱ्या, देखण्या हाणामारीने भरलेल्या चित्रपटमालिका प्रेक्षकाला का धरून ठेवतात, आणि त्यांच्या जगरचनेचा या आकर्षणाशी संबंध काय, हा या निबंधाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला निमित्त मिळाले ते काशीतल्याच एका वर्गात. अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे घेतलेल्या एका चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने ‘जॉन विक’ या चित्रपटमालिकेवर टिपण वाचले. २०१४, २०१७, २०१९ आणि २०२३ साली आलेल्या या चार चित्रपटांतील मारामाऱ्या आपल्याला फारशा आठवत नाहीत, आठवते ते त्यातले हॉटेल, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर चंदौली जिल्ह्यातून आलेला दुसरा एक विद्यार्थी सहज म्हणाला, “हे तर आमच्या नौगढच्या ऐयारांचेच जग आहे.” वर्गात हशा झाला. परंतु त्या विधानात विनोदापेक्षा अधिक काही आहे, असे प्रस्तुत लेखकाला तेव्हापासून वाटत आले आहे. बाबू देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची ‘चंद्रकांता’ ही कादंबरी १८८८ साली याच शहरातून वाचकांपुढे आली. तिच्या पुढे ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग आले आणि त्यानंतर ‘भूतनाथ’. ज्याला आज आपण पाश्चात्त्य चित्रपटव्यवसायाचे अलीकडचे तंत्र समजतो, त्याचा एक परिपूर्ण भारतीय नमुना येथे शतकापूर्वीच सिद्ध झाला होता.

‘जगरचना’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे. कथेच्या मागे उभे केलेले नेपथ्य म्हणजे जगरचना नव्हे. भूगोल, व्यवसाय, चलन, शपथ, संकेत आणि शिक्षा यांची अशी व्यवस्था, की जी नायक रंगमंचावर नसतानाही चालू असल्याची खात्री वाचकाला पटते, तिला जगरचना म्हणावे. टॉल्किन यांनी १९३९ सालच्या आपल्या परीकथाविषयक व्याख्यानात ‘दुय्यम विश्वा’ची कल्पना मांडली. त्या विश्वात जे घडते ते त्या विश्वाच्या नियमांप्रमाणे ‘खरे’ असते आणि म्हणून आत असेपर्यंत वाचक त्यावर विश्वास ठेवतो, असा तिचा आशय आहे. या कल्पनेतील ‘नियम’ हा घटक प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. अशा मालिकांचे आकर्षण हिंसेत नसून नियमात असते. शैली म्हणजे त्या नियमाच्या आत राहून केलेली कृती. आणि अशा मालिकेचे वाङ्मयीन मूल्य ठरते ते तिचा नियम नायकालाही जाब विचारतो की नाही यावरून, असे येथे दाखवावयाचे आहे.

२.

खत्री यांच्या चरित्रातील एक तपशील या संदर्भात महत्त्वाचा आहे. काशीनरेशांच्या अखत्यारीतील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने विंध्याच्या रांगांतील खोरी, गुहा, पडके किल्ले आणि ओसाड इमारती त्यांनी हिंडून पाहिल्या. पुढे ठेका सुटला, पण तो भूप्रदेश कादंबरीत आला. नौगढ, विजयगढ, चुनारगढ, रोहतासगढ ही सर्व ठिकाणे नकाशावर सापडतात. काशीचा वाचक एका दिवसाच्या प्रवासात चुनारला जाऊन गंगेवर झुकलेला तो वालुकाश्माचा किल्ला पाहू शकत होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा किल्ला कंपनी सरकारच्या आणि पुढे इंग्रज सरकारच्या ताब्यात होता. कादंबरीत मात्र तो राजा शिवदत्ताचा आहे आणि इंग्रजांचा मागमूसही नाही. परिचित दगडमातीवर एक वेगळी सत्ता बसवून खत्री यांनी आपले दुय्यम विश्व उभारले. हे विश्व दूरच्या परीलोकात असते, तर त्याने वाचकाला इतके धरून ठेवले नसते.

या भूगोलावर त्यांनी एक व्यवसाय वसवला. तो म्हणजे ऐयारी. ऐयार हा राजाच्या पदरी असलेला हेर, बहुरूपी, वैद्य, धावक आणि योद्धा. त्याच्या कमरेला बटुवा असतो. त्यात वेष बदलण्याची सामग्री, बेशुद्ध करण्याची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा असतो. हाताशी कमंद आणि खंजीर असतो. शीळ वाजवून सहकाऱ्याला बोलावणे, चेहरा रंगवून दुसऱ्याची जागा घेणे, गाठोड्यात बांधून शत्रूला पाठीवरून पळवून नेणे ही त्याची नित्याची कामे. तेजसिंह, देवीसिंह, बद्रीनाथ, पन्नालाल, चपला, चंपा ही पात्रे एकमेकांपासून स्वभावाने फारशी वेगळी काढता येत नाहीत. पण प्रत्येकाचे कसब आणि प्रत्येकाची निष्ठा वाचकाला नेमकी ठाऊक असते. येथे स्त्रियाही ऐयार आहेत, ही गोष्ट १८८८ च्या संदर्भात नोंदवण्याजोगी आहे.

या व्यवसायाचे कायदे हे खत्री यांचे खरे वैशिष्ट्य. कादंबरीच्या प्रास्ताविकातच ते सांगतात, की राजदरबारांतील ऐयार हे रक्तपात आणि प्राणहानी टाळून चातुर्याने युद्धे निकालात काढीत असत. कथेत याला पूरक संकेत आहे. पकडलेल्या ऐयाराला ठार मारावयाचे नाही, कैदेत ठेवावयाचे. त्यामुळे या कादंबऱ्यांतला पकडापकडीचा खेळ अखंड चालू राहू शकतो आणि त्याला क्रौर्याची कड येत नाही. जेथे कोणताही चेहरा खोटा असू शकतो, तेथे ओळख पटवायची कशी? त्यासाठी आधी ठरवलेला खुणेचा शब्द आणि पाण्याने चेहरा धुऊन दाखवणे हे दोन उपाय आहेत. रूपावर विसंबता येत नाही म्हणूनच शब्दाला येथे असाधारण किंमत येते. ऐयाराने शपथ घेतली की प्रतिपक्षही ती मानतो. फसवणूक हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या जगात दिलेला शब्द सर्वांत पक्का असतो, हा विरोधाभास खत्री यांच्या विश्वाचा कणा आहे.

तिलिस्मालाही असेच नियम आहेत. पूर्वीच्या कोण्या राजाने अमाप संपत्ती आणि विलक्षण यंत्रे एका बंदिस्त जागेत सुरक्षित ठेवली आहेत. ती ज्याच्या नावाने ठेवली त्यानेच, तिलिस्माच्या ग्रंथात लिहिलेल्या रीतीनेच ती उघडावयाची. या कल्पनेचे मूळ उघडच उर्दू दास्तानपरंपरेत आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ छापायला घेतले होते. मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन कमर यांनी ते लिहिले. खत्री यांनी त्या परंपरेकडून ऐयार घेतला, तिलिस्म घेतला; अमर ऐयाराच्या सर्वकाही सामावणाऱ्या झोळीचा, म्हणजे जंबीलचा, त्यांनी आटोपशीर बटुवा केला. परंतु जादू मात्र त्यांनी घेतली नाही. ‘होशरुबा’त अफरासियाबसारखे जादूगार निसर्गनियम मोडतात. ‘चंद्रकांता’त माणसांना गिळणारा दगडी बगळा आहे, पण शेवटी त्याचा खुलासा रसायने आणि कळसूत्रे यांच्या आधारे केला जातो. असंभाव्यतेच्या आक्षेपाला उत्तर देताना काल जे अशक्य होते ते आज शक्य झाले आहे, असा युक्तिवाद खत्री करतात. तो आगगाडी आणि तारायंत्र पाहिलेल्या पिढीचा युक्तिवाद आहे. अद्भुताचे यंत्रात रूपांतर करून त्यांनी आपल्या विश्वाला कार्यकारणभावाच्या शिस्तीत बसवले. दास्तान ते कादंबरी हे स्थित्यंतर हिंदीत ज्या ठिकाणी घडले, त्यांपैकी हे एक ठिकाण आहे.

३.

आता ‘जॉन विक’कडे वळता येईल. पहिल्या चित्रपटाचे कथानक दोन वाक्यांत संपते. निवृत्त मारेकऱ्याला मृत पत्नीने मागे ठेवलेले कुत्र्याचे पिल्लू एक उन्मत्त तरुण मारतो, त्याची गाडी पळवतो, आणि तो मारेकरी पुन्हा शस्त्र हाती घेतो. एवढ्यावर चार चित्रपट उभे राहू शकत नाहीत. ते उभे राहतात ते ‘कॉन्टिनेंटल’ नावाच्या हॉटेलवर. तेथे मारेकरी उतरतात, परंतु त्याच्या आवारात कोणी ‘धंदा’ करावयाचा नाही, म्हणजे कोणाचा जीव घ्यावयाचा नाही. या व्यवहारात सोन्याची नाणी चालतात. त्यांचे मूल्य पैशात कधीच सांगितले जात नाही. रक्ताच्या ठशाने मुद्रित केलेले ऋणचिन्ह ज्याच्याकडे असेल, त्याची मागणी पुरी करणे देणेकऱ्याला बंधनकारक असते. वर ‘हाय टेबल’ नावाची अधिसत्ता आहे. प्रेतांची विल्हेवाट लावायची असेल तर दूरध्वनीवरून जेवणाच्या पंगतीची नोंदणी केल्यासारखे बोलले जाते. शस्त्रे निवडताना मद्यपारख्याशी चाललेला संवाद ऐकू येतो.

ऐयारांच्या जगाशी असलेले साम्य वरवरचे नाही. दोन्हीकडे सामान्य नगराच्या आत एक अदृश्य बिरादरी आहे. तिला स्वतःची भाषा, स्वतःचे चलन, स्वतःचे अभय आहे. दोन्हीकडे कथानकाला गती मिळते ती नियम मोडण्यातून, आणि नियम मोडल्याचा अर्थ प्रेक्षकाला कळतो तो त्याला नियम आधीच शिकवला गेल्यामुळे. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी विक हॉटेलच्या आवारात सांतिनो या आपल्या प्रतिपक्ष्याला गोळी घालतो. एरवी या चित्रपटांत माणसे मरतात त्यांचे कोणाला काही वाटत नाही. या एका गोळीने मात्र प्रेक्षागृह स्तब्ध होते. एका माणसाच्या मरणापेक्षा एका संकेताचा भंग अधिक हादरवून जावा, हीच या प्रकारच्या कथनाची खूण आहे.

हुइझिंगा यांनी ‘होमो ल्यूडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाची मीमांसा करताना लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा असा भेद केला आहे. लबाडी करणारा खेळाडू नियम मानण्याचे निदान ढोंग तरी करतो. खेळ मोडणारा नियमच नाकारतो आणि खेळाचे जगच नाहीसे करतो, म्हणून समाज पहिल्याला सहज क्षमा करतो, दुसऱ्याला नाही. खत्री यांचे खलपुरुष या भेदाने नीट समजतात. वेषांतर करून फसवणारे ऐयार वाचकाला प्रिय होतात, ते शत्रुपक्षाचे असले तरीही. क्रूरसिंह तिरस्करणीय ठरतो, कारण तो कोणत्याच पक्षाचे बंधन पाळत नाही. ‘जॉन विक’मध्येही हॉटेलच्या आत हल्ला करणाऱ्या स्त्रीला व्यवस्थापक थंडपणे देहदंड देतो आणि ते प्रेक्षकाला अन्यायाचे वाटत नाही.

शैलीचा प्रश्न येथेच सुटतो. ‘देखणी हाणामारी’ हा शब्दप्रयोग नैतिकदृष्ट्या संशयास्पद वाटतो आणि तो तसा आहेही. परंतु आपल्याकडील कुस्तीच्या फडाचा अनुभव लक्षात घ्यावा. जाणकार प्रेक्षक प्रतिस्पर्धी आपटला म्हणून वाहवा करीत नाही, डाव कसा पडला म्हणून करतो. आणि डावाला सौंदर्य येते ते आखाड्याच्या मर्यादेमुळे. त्याच दोन माणसांनी रस्त्यात मारामारी केली तर ती कोणी पाहवत नाही. ‘जॉन विक’चे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे मूळचे साहसदृश्यांचे कलावंत. ‘द मेट्रिक्स’ (१९९९) मध्ये ते कीआनू रीव्ह्ज यांचे बदली नट होते. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांत शरीर संपूर्ण दिसते, डाव आरंभापासून शेवटपर्यंत दिसतो. खत्री यांच्याकडेही हेच आहे. तेजसिंहाने वेष कसा बदलला, कोणती पूड कोठे वापरली, पळण्याची वाट कशी ठरवली याचे क्रमवार वर्णन ते आपल्या लहान लहान ‘बयानां’त करतात. कसबाची पारदर्शकता हा या प्रकाराचा सौंदर्यनियम आहे. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. त्या कल्पनेचा विस्तार करून असे म्हणता येईल, की ज्या विश्वात जे उचित ठरवले गेले त्याला अनुसरून केलेली कृती म्हणजे तेथील शैली.

४.

मालिका वाढते कशी, हा पुढचा प्रश्न. उंबेर्तो एको यांनी सुपरमॅनविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे, की अशा नायकाला काळ झिजवत नाही. प्रत्येक कथा जणू आधी काही घडलेच नव्हते अशी नव्याने सुरू होते. फ्लेमिंग यांच्या बाँडकथांविषयी लिहिताना त्यांनी ठरलेल्या चालींच्या खेळाची उपमा वापरली. बाँडपटांचे चाहते पुढची चाल ओळखूनच जातात. ही मालिकेची पहिली जात : पुनरावृत्तीची.

खत्री यांनी दुसरी जात घडवली. ‘चंद्रकांता’ची सांगता वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता यांच्या विवाहाने होते. ‘संतति’त त्यांचे पुत्र इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह येतात, त्यामुळे कथा पुढच्या पिढीत गेल्यासारखी वाटते. परंतु चोवीस भागांचा मोठा हिस्सा पुढे जाण्यात नव्हे, तर मागे जाण्यात खर्ची पडतो. जमानियाच्या राज्यात पूर्वी काय घडले, मायारानी गादीवर कशी आली, कोण जिवंत आणि कोण मेल्याची केवळ अफवा, हे उलगडत राहते. जग विस्तारते ते भूतकाळाच्या दिशेने. आणि या उत्खननाच्या मध्यभागी भूतनाथ उभा आहे.

भूतनाथ, म्हणजे मूळचा गदाधरसिंह, हा अत्यंत कुशल ऐयार आहे. पण त्याच्या हातून पूर्वी जी पापे घडली, त्यांच्या पुराव्याच्या कागदांचा गठ्ठा कोणाच्या हाती पडेल या भीतीखाली तो जगतो. तो चांगले वागू इच्छितो. जुनी कृत्ये त्याला वागू देत नाहीत. ‘संतति’च्या उत्तरार्धात त्याच्या अपराधांचा रीतसर मुकदमा चालतो. ‘घटनाप्रधान’ म्हणून हिणवलेल्या कादंबरीत अंतर्द्वंद्व असलेले हे पात्र कोठून आले? ते लेखकाच्या मानसशास्त्रीय रुचीतून आले असे म्हणण्यापेक्षा मालिकेच्या रचनेतून आले असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. नियमांचे जग पुरेसे दीर्घकाळ चालू राहिले, की मोडलेल्या नियमांची थकबाकी साचते, आणि ती थकबाकी कोणातरी पात्राच्या रूपाने उभी राहणे अपरिहार्य होते. वाचकांना हे पात्र इतके भावले, की खत्री यांनी पुढची मालिका त्याच्या नावाने सुरू केली. ती त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिली आणि पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली.

विकचीही गोष्ट थकबाकीचीच आहे. संसारासाठी धंदा सोडताना त्याने जे अशक्य काम पार पाडले, त्यासाठी घेतलेल्या मदतीचे ऋणचिन्ह दुसऱ्या चित्रपटात समोर येते. ते फेडण्यातून दुसरे देणे निर्माण होते, त्यातून बहिष्कार, त्यातून तिसरा आणि चौथा भाग. अखेरीस त्याची सुटका होते तीही बंडातून नव्हे. बिरादरीच्याच एका जुन्या विधीतून, पॅरिसमधील साक्रे-कर चर्चपुढे पहाटे झालेल्या द्वंद्वातून. नियमाने बांधलेला नियमानेच सुटतो. भूतनाथालाही दरबारात उभे राहूनच मोकळे होता येते.

पण दोहोंतला फरक लपवता येत नाही. ऐयाराचा कायदा प्राण वाचवण्यासाठी आहे. ‘कॉन्टिनेंटल’चा कायदा प्राण घेण्याच्या धंद्यात शिस्त राहावी म्हणून आहे. खत्री यांच्या जगात नियमावर राजा आहे आणि राजावर धर्म आहे. निदान तशी श्रद्धा आहे. ‘हाय टेबल’वर कोणीच नाही. तेथे कायदा आहे, न्याय नाही. प्रेक्षक त्या कायद्याच्या सौंदर्यात रमतो आणि तो कोणासाठी आहे हे विचारायचे विसरतो. आधुनिक साहसपटमालिकांवरील गंभीर आक्षेप हिंसेच्या प्रमाणाचा नसून हा असला पाहिजे.

५.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक तौलनिक प्रश्न उभा राहतो. अद्भुतरम्य कादंबरी मराठीत हिंदीच्या आधी अवतरली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ सालीच नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या प्रकाराची चर्चा केली. मग मराठीला स्वतःचे तिलिस्म का लाभले नाही?

भालचंद्र नेमाडे यांनी आरंभीच्या मराठी कादंबरीत ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती दाखवल्या आहेत. या वर्गीकरणात ‘मुक्तामाला’ प्रवृत्ती ही वास्तवापासून दूर नेणारी, रंजनाची प्रवृत्ती म्हणून येते. मूल्यनिर्णय बाजूला ठेवून रचनेकडे पाहिले, तर हळबे–रिसबूड यांच्या कादंबऱ्यांत संकटे आहेत, योगायोग आहेत, वियोग आणि पुनर्मीलन आहे. परंतु पुढच्या कादंबरीत नेता येईल असे नियमबद्ध जग नाही. प्रत्येक कादंबरी आपले जग उभारते आणि मोडून टाकते.

पुढे बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी वाचकांच्या दोन पिढ्या घडवल्या. त्यांच्या कथांना मालिकेचे रूप आहे, पण ती मालिका ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ या नायकांची आहे. सुहास शिरवळकर यांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी, गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. नायक काढला तर मागे बिरादरी उरत नाही. याला व्यक्तिमालिका म्हणावे. खत्री यांची ती विश्वमालिका. ‘चंद्रकांता’तून वीरेंद्रसिंह काढला तरी ऐयारी चालू राहते.

मराठीत विश्वमालिका नाहीच असे मात्र नाही. ती दुसऱ्या ठिकाणी आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नाथमाधव (द्वारकानाथ माधवराव पितळे, १८८२–१९२८). १९१३ साली, खत्री यांच्या निधनाच्याच वर्षी, त्यांची ‘वीरधवल’ आली. अद्भुत आणि साहस यांनी भरलेली ही कादंबरी अत्यंत लोकप्रिय झाली. तिचे जग वाढवण्याची पूर्ण संधी नाथमाधवांना होती. परंतु त्यांनी पुढे जी मालिका लिहिली ती स्वराज्यस्थापनेच्या इतिहासावरची. ‘मुक्तामाला’कडून ‘मोचनगडा’कडे असा हा एका लेखकाच्या आयुष्यातला प्रवास आहे. मराठी कल्पनाशक्तीला गड, चोरवाटा, वेषांतर, निष्ठा आणि शपथ यांचे सिद्ध विश्व शिवकालात लाभले होते. तिला नौगढची गरज भासली नाही. बहिर्जी नाईक हा आपला ऐयार. आजही मराठी चित्रपटात साहसपटांची सलग मालिका उभी राहिली ती ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२) अशा शिवकालीन चित्रपटांचीच.

याचा लाभ मोठा आहे. लेखकाला जग रचावे लागत नाही. वाचक ते घेऊनच येतो, आणि त्यात कल्पित जगाला न मिळणारी भावनेची खोली असते. पण त्याची किंमतही आहे. कल्पित विश्वाचा नियम वाचक तपासू शकतो, त्यावर वाद घालू शकतो, नायकाला आरोपीच्या जागी उभा राहिलेला पाहू शकतो. पूज्य इतिहासाच्या विश्वात हे शक्य नसते. तेथे निष्ठा तपासली जात नाही, ती आधीच गृहीत असते. मराठीतील साहसकथेला भूतनाथ लाभला नाही याचे कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, तिच्या लेखकांच्या प्रतिभेत नसून तिने निवडलेल्या विश्वात आहे. जो मनाने दोन्हीकडे ओढला जातो अशा हेराला त्या विश्वात जागाच नव्हती.

६.

शेवटी मूल्यमापनाचा प्रश्न. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या ‘हिंदी साहित्य का इतिहास’ (१९२९) या ग्रंथात खत्री यांना दिलेले स्थान सर्वपरिचित आहे. हिंदीसाठी जितके वाचक त्यांनी निर्माण केले तितके अन्य कोणी केले नाहीत, त्यांच्या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून कितीतरी उर्दू वाचक हिंदी शिकले, हे शुक्ल मोकळ्या मनाने मान्य करतात. मात्र घटनावैचित्र्य हेच या कादंबऱ्यांचे लक्ष्य असल्याने, रससंचार आणि चरित्रचित्रण यांच्या अभावी, त्या साहित्यकोटीत येत नाहीत असा त्यांचा निर्णय आहे. काशीच्याच एका आचार्याने काशीच्याच एका लेखकाविषयी दिलेला हा निर्णय हिंदी समीक्षेत दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

त्या निर्णयामागची कसोटी उत्तम होती, पण ती एकाच प्रकारच्या कृतीची होती. जेथे पात्राचे अंतःकरण हे कथेचे क्षेत्र आहे, तेथे चरित्रचित्रण शोधावे. जेथे अनेक माणसांना बांधणारा संकेत हे कथेचे क्षेत्र आहे, तेथे त्या संकेताची सुसंगती, त्याची मर्यादा आणि त्याच्या भंगाची किंमत शोधावी. या दुसऱ्या कसोटीवर सर्व मालिका सारख्या ठरत नाहीत. ‘धूम’ मालिकेत (२००४, २००६, २०१३) चोऱ्या देखण्या आहेत, वाहने वेगवान आहेत. पण पोलीस आणि चोर दोघांनाही बांधणारा नियम नाही, म्हणून कोणत्याही कृतीला किंमत नाही, आणि तिसऱ्या भागानंतर पहिल्या भागातले काही आठवत नाही. ‘जॉन विक’मध्ये नियम आहे, किंमत आहे, फक्त न्याय नाही. ‘चंद्रकांता संतति’त तिन्ही गोष्टींची धडपड आहे, तिचे विवाह आणि पुनर्मीलने कितीही ठोकळेबाज असली, तरी भूतनाथाचा मुकदमा वाचकाला सोडत नाही.

या जगांत वाचक रमतो ते पलायन म्हणून, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. १८८८ सालच्या काशीत सामान्य माणसाचे जीवन ज्या कायद्याने चालत होते, तो त्याच्या भाषेत नव्हता आणि तो कोणाला किती लागू होईल हे त्याला सांगता येत नव्हते. अशा वाचकापुढे एक जग आले, की जेथे नियम सर्वांना ठाऊक आहेत, दिलेला शब्द शत्रूही मानतो, आणि गुन्हेगाराला, तो कितीही कुशल आणि कितीही प्रिय असला तरी, दरबारात उभे राहावे लागते. त्या जगाची ओढ वाटणे हे पलायन असेल, तर ते एका मागणीच्या दिशेने केलेले पलायन आहे. १९९४ मध्ये दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ मालिका आली, तेव्हा ती पाहणाऱ्यांत पुस्तक न वाचलेलेच बहुसंख्य असणार. त्यांना क्रूरसिंहाचा ‘यक्कू’ आठवतो. ऐयारीचे कायदे दूरचित्रवाणीच्या झगमगाटात पुष्कळसे हरवले. जग मागे पडून केवळ वेषभूषा उरली, की मालिकेचे काय होते याचेही ते उदाहरण आहे.

वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला मारामाऱ्या आठवल्या नाहीत, हॉटेल आठवले. त्याची आठवण अचूक होती. त्याला पुढचा प्रश्न विचारायला शिकवणे हे तौलनिक समीक्षेचे काम आहे : त्या हॉटेलचा नियम कोणाचे रक्षण करतो, आणि त्या नियमापुढे जाब द्यायला कोण कोण उभे राहते?